पहिली लाट शून्य

बुधरी जिवतीकडच्या एका गावची आशाताई, घरोघरी जाऊन बाळं-बाळंतिणींची तब्येत बघणारी आरोग्यसेविका. बारावीत तिचं फिजिक्स राहिलं होतं. नर्सिंगला जायचं म्हणून बारा वर्षांनी तिने पुन्हा फॉर्म भरला आणि दर रविवारी गडचांदूरला सायमा मॅडमकडे शिकायला येऊ लागली.

त्या रविवारी तिने समुद्राच्या लाटांचं गणित कोरं सोडलं.

"काऊन सोडलंस?" मॅडमनी विचारलं.

"सूत्र पाठ आहे मॅडम. पण समुद्र मी पाह्यलाच नाई. कायचा वेग काढून राह्यली, तेच समजत नाई मले."

मॅडमनी स्कूटी काढली आणि तिला तलावावर नेलं. वारा होता. पाण्यात जाळ्यासाठी दोन बांबू रोवलेले होते, पाच मीटरच्या अंतरावर. बुधरी साडी खोचून मांडीभर पाण्यात उतरली. मीटरपट्टी धरून पाहिली, तर एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीचा माथा बरोबर मीटरभर लांब.

पहिली लाट बांबूला लागली तशी ती "एक" म्हणाली. काठावर मॅडमनी मोबाईलचं घड्याळ सुरू केलं. आठव्या सेकंदाला ती "अकरा"वर होती.

"अकरा भागिले आठ," बुधरी पुटपुटली. "एक लाट मीटरभर, म्हणजे ती साडेतीनेक सेकंदांत दुसऱ्या बांबूले लागाले पायजे."

लाटेला चार सेकंद लागले. पुन्हा पाहिलं, तरी चारच.

"घडी बिघडली का, मॅडम?"

"घडी बरोबर आहे."

बुधरीला राग आला, स्वतःचाच. ती पाण्याकडे बघत पुन्हा मोजू लागली आणि मध्येच थांबली.

"मॅडम, लेकराचे श्वास मोजतो ना आम्ही, तवा घडी सुरू झाल्यावरचे मोजतो. ही पहिली लाट तर घडीसंगंच आली. तिले एक कसं म्हणू? ती शून्य!"

"मग?"

"आठ सेकंदांत दहा. एका लाटेले शून्य पूर्णांक आठ सेकंद, तो दोलनकाल. सेकंदाले सव्वा लाट, ती वारंवारता. वेग सव्वा मीटर." तिने बोटांवर हिशेब केला. "पाच मीटरले चार सेकंद!"

ती एवढ्या मोठ्याने हसली की काठावरचे बगळे उडाले.

कोरं राहिलेलं गणित तिने तिथेच, काठावर बसून सोडवलं. समुद्राची ती लाट तासाला पंचेचाळीस किलोमीटर जात होती.

"बापरे," ती म्हणाली, "आमच्या घाटातली बस एवढी पळत नाई."

जूनमध्ये निकाल लागला. फिजिक्स सुटलं होतं. बुधरीने मॅडमना फोन केला आणि विचारलं, "मॅडम, नर्सिंगचा फॉर्म कधी भराचा?"