ॲम्पला अस्तर

मास्तरांनी तो ॲम्प जुन्या सामानाच्या दुकानातून घरी आणला तो चादरीत गुंडाळून, चोरीचा माल आणावा तसा. बेस गिटारवाले सरावासाठी वापरतात तो हा ॲम्प, म्हणजे पोटात एक स्पीकर, डोक्यावर चार नॉब आणि पाठीमागे वायर असलेलं गुडघ्याएवढं खोकं. कोपऱ्यांवरचं रेक्झिन सोललेलं, पुढच्या जाळीच्या कापडाला कुणीतरी सिगारेटनं भोक पाडलेलं, आणि चारांतला एक नॉब पार गायब. "चालतो का ते विचारू नका, म्हणून तर स्वस्त देतोय," दुकानदार म्हणाला होता. मास्तरांनी विचारलं नाही.

आयुष्यभर लोकांच्या पँटी आखूड करणाऱ्या शिंप्याचं ॲम्पशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. देणंघेणं सुनेशी होतं, आणि त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

सून बेस वाजवायची. लग्न होऊन या घरात आली ती गिटार आणि कपाटाएवढा ॲम्प बरोबर घेऊनच. मास्तरांचं शिवणकाम पुढच्या खोलीत, तिची खोली भिंतीपलीकडे. ती वाजवायला बसली की इकडे टेबलावरच्या टाचण्या थरथरायच्या. मास्तरांनी काही महिने कानाडोळा केला. मग एकदा कोटाची ट्रायल चालू असताना गिऱ्हाईक म्हणालं, "काय मास्तर, घरात गिरणी घातलीत की काय?" मास्तरांनी लाकडी पट्टी भिंतीवर आपटली आणि ओरडले, "अगं, बंद कर ते घूं घूं! माणसं कामं करतात इथं!" गिऱ्हाईक खो खो हसलं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

आवाज बंद झाला तो झालाच. सून एका शब्दानं बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिनं तो मोठा ॲम्प विकला, गिटार कपाटावर चढवली आणि ऑफिसात ओव्हरटाइम घ्यायला लागली. "तिचं तिनं ठरवलंय, बाबा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका," मुलगा म्हणाला. मास्तरांनी लावून घेतलं, पण बोलले मात्र नाहीत. सासऱ्यानं सुनेची माफी मागायची तर कुठून सुरुवात करायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. उसवायचं कसं ते ठाऊक असलेल्या माणसानं दोन वर्षं ती एक टीप तशीच राहू दिली, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि या महिन्यात तिच्या जुन्या बँडवाल्यांचा फोन आला. त्यांचा बेसवाला दुसऱ्या गावी चालला होता. येतेस का, शनिवारी संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर आम्ही दुसरा बघतो. जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "हात राहिलाय की गेलाय, कोण जाणे. आणि वाजवून बघायला आपल्याकडे ॲम्प कुठाय?" मास्तर मान खाली घालून जेवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते जुन्या सामानाच्या दुकानात हजर.

दुरुस्तीला त्यांनी मित्राला बोलावलं. हा मित्र पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा, आणि जरा काही झालं की त्याचं डोकं उडायचं, म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणत. सून ऑफिसला गेली की दोघे शिवणाच्या टेबलावर ॲम्प आडवा पाडून बसायचे.

फ्यूजनं पाठ उघडली आणि मास्तरांच्या हातावर फटका मारला. "हात मागे घे! वायर काढली तरी आत करंट साठून असतो. मरशील आणि वर माझं नाव येईल."

आत धुळीचे गोळे, एक मेलेलं झुरळ आणि पोट फुगलेला एक कपॅसिटर. फ्यूजनं कपॅसिटर बदलला, वायर जोडायच्या भोकाला नव्यानं सोल्डर मारला, नॉबच्या मुळाशी स्प्रे फवारून ते शंभर वेळा फिरवले तेव्हा कुठे खरखर थांबली. स्पीकरच्या कागदी शंकूला मात्र बोटभर चीर होती.

"नवा घाल," फ्यूज म्हणाला.

"फाटलं म्हणून टाकून देतात होय?" मास्तरांनी पातळ कागदाचा तुकडा घेतला, गोंदात पाणी घातलं आणि चिरेच्या दोन्ही बाजूंनी असा काही डकवला की चीर बोटाला लागेना. "याला रफू म्हणतात."

फ्यूजनं उजेडात धरून पाहिलं. "बरंय," तो म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

पुढचं कापड लावायच्या आधीच त्यांनी फ्यूजच्या मोबाइलवरचं एक गाणं ॲम्पमधून लावून पाहिलं. उघड्या स्पीकरच्या वाऱ्यानं टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे उडाले. "टकाटक!" असं म्हणून फ्यूज आपली पिशवी उचलून गेला.

उरलेलं काम मास्तरांच्या हातचं होतं. त्यांनी जुनं रेक्झिन सोलून नवं चढवलं, कोपरे असे दुमडले की सुरकुती नाही. हरवलेल्या नॉबच्या जागी जुन्या ओव्हरकोटाचं जाड बटण बसवलं. मग पुढचं कापड. काळं, विरळ विणीचं, चांगल्यातलं. ते त्यांनी बेतलं, आणि त्याच हातासरशी त्याला अस्तर बेतलं. मध्ये झोळ पडू नये म्हणून आत बकरम, कॉलरला ताठपणा आणणारं ते जाड कापड, तोही घातला. चौकटीवर ताणून बारीक खिळे मारले. खोकं कसं नव्याकोऱ्या कोटासारखं दिसायला लागलं. परत लावून पाहायचं त्यांच्या मनातही आलं नाही. एकदा तपासलेलं परत काय तपासायचं?

शनिवारी दुपारी त्यांनी ॲम्प तिच्या खोलीत नेऊन ठेवला.

"हे काय, बाबा?"

"आहे जुनाच. फ्यूजनं आतलं केलंय, वरचं मी. बघ वाजवून."

ती बराच वेळ त्या बटणाकडेच बघत राहिली. मग स्टुलावर चढून गिटार काढली, पुसली, तारा सुरात लावल्या. मास्तर दारातच उभे. तिनं पहिला सूर काढला. आवाज आला, पण उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा. तिनं नॉब फिरवले, पुन्हा वाजवलं, बोटांवर जोर दिला, जागा बदलून पाहिली. सगळं एकसारखं, गुळमुळीत.

आणि खोटं कशाला सांगायचं, मास्तरांना पहिल्यांदा हायसंच वाटलं. वाटलं, हा आवाज काही भिंतीपलीकडे जायचा नाही. बरं झालं.

दहा मिनिटं ती झगडली. मग तिनं तारांवर हात आडवा ठेवला.

"ॲम्प छान झालाय, बाबा. हातच गेलाय माझा." डोळे भरले होते, पण ती हसत बोलत होती. "पूर्वी बोट लागलं की सूर कसा टचकन उठायचा. आता सगळाच लगदा. दोन वर्षं म्हणजे काय थोडी झाली? त्यांना नाही म्हणून कळवून टाकते."

तिनं फोन शोधायला उशी उचलली. मास्तर पुढे आले आणि, का ते त्यांनाही कळलं नाही, ॲम्पसमोर उकिडवे बसले. "एकदा वाजव," ते म्हणाले. तिनं नुसती एक तार ओढली. मास्तरांनी कापडावर तळहात टेकवला. चाळीस वर्षांत लाखभर कापडं त्या हाताखालून गेली होती. टेबलावरचे दोरे उडवणारा वारा कुठेच नव्हता. सगळा आतल्या आत घुसमटला होता.

मास्तरांनी हात काढून घेतला. गप्प बसलं तर? कुणाला कळणार होतं? फ्यूजनं टकाटक म्हटलेलं, सून स्वतःलाच दोष देऊन मोकळी झालेली, घर आपलं शांतच्या शांत. एवढा सगळा विचार मनात यायला एक क्षण पुरला, आणि त्या क्षणासाठी त्यांना स्वतःची शिसारी आली.

"थांब, फोन करू नकोस. तुझा हात कुठेही गेलेला नाही." ते लगबगीनं पुढच्या खोलीत गेले, ब्लेड आणि पक्कड घेऊन आले, खिळे उपटायला लागले. "मीच गाढव. अस्तर घातलंय."

"अस्तर? ॲम्पला?"

"आणि बकरम."

तिच्या तोंडून हसू फुटलं, पण मास्तरांचा चेहरा बघून ते अर्ध्यावरच थांबलं.

"सवयीनं घातलं," ते म्हणाले. ब्लेड थांबलं. "म्हणजे, मला वाटतं सवयीनंच. पण आवाज दबका आला तेव्हा मला बरं वाटलं. ते खरं आहे. आणि त्या दिवशी पट्टी आपटली, तेही खरं. चार लोकांसमोर तुला तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं."

मास्तरांनी अस्तर सोडवून ओढून काढलं, नुसतं वरचं कापड परत ताणून बसवलं.

"मला फार राग आला होता," ती शेवटी म्हणाली. "अजूनही आहे."

"ठाऊक आहे."

"ठाऊक होतं, आणि दोन वर्षं गप्प राहिलात?"

मास्तर चौकट हातानं चाचपत राहिले.

तिनं वाजवलं. या वेळी पहिलाच सूर फरशीतून वर आला आणि खिडकीची काच झणझणली. पाठोपाठ चुकाही लख्ख ऐकू आल्या, एक सूर हुकला, एक जागा घसरली. पण त्या तिच्या चुका होत्या आणि त्या कशा सुधारायच्या हे तिला माहीत होतं, हे तिच्या तोंडावरून मास्तरांनाही कळलं. तेच वळण तिनं पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं, मग फोन उचलला.

"मी येतेय. हो. हात आखडलाय जरा, पण सुटेल." फोन ठेवून ती मास्तरांकडे वळली. "बाबा, हा ॲम्प इथंच राहील. रोज वाजेल. चालेल?"

'न चालायला काय झालं' असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते शब्द त्यांनी गिळले.

"खरं सांगू? मला हा आवाज आवडत नाही. तेव्हाही आवडत नव्हता, आताही नाही. पण तू वाजव."

सुनेनं गिटार पुन्हा मांडीवर घेतली.

"एवढंच तेव्हा म्हणाला असतात तरी चाललं असतं, बाबा," ती म्हणाली, आणि तिनं आवाज वाढवला.