रुखसत म्हणजे निरोप नव्हे

इराणातल्या काशानच्या आमच्या तालमीत ढोल माझ्या मांडीवर असतो आणि घंटा डोक्याशी टांगलेली. ढोल सगळ्यांसाठी वाजतो, घंटा फक्त पहलवानासाठी. ती कुणासाठी वाजवायची हे मी, ढोलाच्या तालावर तालीम चालवणारा मुर्शिद यदुल्ला, ठरवतो. तालमीचे विश्वस्त ठरवत नाहीत. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण हल्ली आमच्याकडे शहाणे फार झालेत.

नुसरतसाठी ती मी जन्मभर वाजवली. तांबटांच्या बाजारात दिवसभर हातोडा मारून तो यायचा, हौद्याच्या मधोमध उभा राहायचा आणि बापाच्या मुद्गलांची जोडी फिरवायचा. ती जोडी दुसऱ्या कुणाच्या खांद्यापर्यंतसुद्धा चढत नसे.

मग त्याला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. ती गाठ टेस्टोस्टेरॉनवर पोसते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ते बंद पाडणारी सुई सुरू केली. गाठ दबली, पण गडीही उतरला. दंड ओघळले, छाती मऊ पडली, ऐन थंडीत घामाच्या धारा लागायच्या. बाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की घरी बसलात तर स्नायू भराभर जातील, रोज वजन उचललंत तर बरेच टिकतील, थोडे परतही येतील, पण पूर्वीची ताकद विसरा. यातलं शेवटचं त्याने ऐकलंच नाही. त्याच्या बायकोने, तूबाने, तर एका वाक्यात निकाल लावला. घरी बसणार असाल तर सकाळपासून भाजी निवडायला बसवीन, म्हणाली.

आणि इकडे बेहराद. वयाने नातवासारखा. हा तेच टेस्टोस्टेरॉन बाजारातून आणून टोचून घ्यायचा. नुसती सुई घेतली तरी अंग भरतं, वर व्यायाम केला तर विचारूच नका, असं तो पोरांना उघड सांगायचा. एका उन्हाळ्यात त्याचे खांदे दारात मावेनासे झाले. पोरगा कष्टाळू आहे, खोटं कशाला बोलू. पण आरशापुढून हलायचा नाही, आणि मला त्याचा राग यायचा.

विश्वस्तांनी ठरवलं, नुसरतचा सत्कार करायचा, फुलं उधळायची आणि हौद्याची मधली जागा बेहरादला द्यायची. जिवंत माणसाची मयतच ती. मी विरोध केला, तर मला म्हणाले, मुर्शिद, तुम्ही ढोल बघा.

त्या शुक्रवारी भाषणं झाली, फुलं उधळून झाली. बेहराद मधे जाऊन उभा राहिला. नुसरत उठला, काठाशी आला, बोटं जमिनीला लावून ओठांना लावली आणि म्हणाला, "रुखसत."

घरच्या दारात हा शब्द निरोपाचा. लोकांचे डोळे भरून आले, एका विश्वस्ताने तर रुमाल काढला. मीही फसलो. माझा ढोलावरचा हात खाली पडला.

नुसरतने सदरा उतरवला. आत लुंगी कसलेलीच होती. भिंतीजवळून पोरांची सगळ्यात लहान जोडी त्याने उचलली, हौद्यात उतरला आणि नवशिके उभे राहतात त्या दाराकडच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

बेहराद गोंधळला. "पहलवान, तुम्ही आत्ताच निरोप घेतलात ना?"

"हौद्याच्या काठावर रुखसत म्हणजे काय रे? विसरलास?"

हौद्याच्या काठावर रुखसत म्हणजे सुरुवातीची परवानगी, आणि मधल्या माणसाने उत्तर द्यायचं असतं, फुर्सत, म्हणजे घे संधी, कर सुरू. हे तालमीतलं शेंबडं पोरही जाणतं.

"पण आता तुमच्यात ते..." बेहराद चाचरला. "लोक म्हणतात, सुईने तुमची मर्दानगीच गेली."

माझं रक्त उकळलं. नुसरत मात्र ती चिमुकली जोडी खांद्यावर पेलून शांत उभा होता.

"गेली म्हणतोस? माझ्या अंगातून काढलं तेच तू बाजारातून आणून टोचतोस. मर्दानगी बाटलीत मिळत असेल तर मधे औषधवाल्याला उभा करा, आपण दोघंही कोपऱ्यात जाऊ." मग घाम पुसत म्हणाला, "मी इथून जाणार नाही. हात दुखायला लागले. फुर्सत देतोस का?"

बेहरादचे ते भलेमोठे खांदे खाली आले. कानापर्यंत लाल होऊन तो म्हणाला, "फुर्सत, पहलवान."

माझा हात आपसूक घंटेकडे गेला. नुसरतने खालूनच दरडावलं, "यदुल्ला, खबरदार. कीव करून वाजवलीस तर तुझा ढोल फोडीन. बापाची जोडी उचलीन तेव्हा वाजव."

मग मी ढोल असा बडवला की विश्वस्तांची आभाराची भाषणं कुणालाच ऐकू आली नाहीत.

नुसरत अजून रोज येतो. लहान जोडी सोडून तो आता तिच्या वरच्या जोडीवर आलाय. हात थरथरतात, शिव्या तेवढ्याच खणखणीत. बापाची जोडी भिंतीशी उभी आहे, आणि जाता-येता तो तिच्याकडे डोळे वटारून बघतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, तो दिवस यायचा नाही. म्हणू देत. बाईंनी घंटा कुठे पाहिलीय? मी ती रोज घासून ठेवतो.