सुंदरबाईची लाल ओळ

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि मित्रांनो, मला तुमची दया मुळीच नको. मी गोदामात पडलो आहे. डोक्यावर न खपलेल्या रुमालांचे गठ्ठे आहेत, कीबोर्डात झुरळांनी संसार थाटला आहे. ते सगळं चालेल. पण मला बघून 'अरेरे' म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, कारण त्यातल्या बहुतेकांनी मी वाईट काम करत होतो तेव्हाच माझं कौतुक केलं होतं.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्याला आठेक वर्षं झाली होती. तेव्हा मी मोहाडीकडच्या एका विणकर सोसायटीत आलो. नारळ फुटला, हार घातला, माझ्या पडद्याला हळदकुंकू लावलं, आणि ते नंतर कोणी पुसलंसुद्धा नाही.

माझा प्रोग्राम नागपूरच्या योगेंद्रसाहेबांनी बनवला. बनवण्याआधी ते सोसायटीत तासभर आले होते. सेक्रेटरी मधुकररावांना त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज मोजता काय?" मधुकरराव चहा फुंकत म्हणाले, "नग मोजतो, दुसरं काय?" झालं! एवढ्यावर माझा जन्म. दोन गल्ल्या सोडून माग चालत होते. तिथवर जायला दोघांनाही पाय नव्हते.

तर माझ्यात प्रत्येक मागाची एक ओळ होती आणि 'आजचे नग' असा एक रकाना. नग भरपूर झाले की ओळ हिरवी. कमी झाले की लाल. सलग तीन महिने लाल राहिली की मी आपोआप लिहायचो, 'निष्क्रिय'. मग सोसायटीनं दिलेला माग उचलून दुसऱ्याला द्यायचा, असा ठराव होता.

आता ऐका. भैय्यालाल पंचे विणायचा, दिवसाला चार. सुंदरबाई आणि तिचा नवरा डोमा करवती साडी विणायचे. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं सूत, काठावर करवतीचे दाते. त्याला आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात आणि मागावर दोन माणसं. एक साडी व्हायला पंधरा दिवस! म्हणजे चौदा दिवस शून्य आणि पंधराव्या दिवशी एक. आख्ख्या सोसायटीत ही साडी दुसऱ्या कोणाला येत नव्हती, आणि माझ्या पडद्यावर सगळ्यात आळशी कोण? सुंदरबाई.

आकडे भरणारी स्वाती हुशार पोरगी होती. ती योगेंद्रसाहेबांना म्हणाली, "साहेब, करवतीले वेगळा रकाना द्या ना. ह्या काकू रोज काम करतेत, अन् मी रोज शून्य भरून राहिली."

"ताई, आता रकाना वाढवायचा म्हणजे सगळा प्रोग्राम बदलावा लागेल. आधी कोणी मागितला नाही."

"तुम्ही काकूले विचारलं कुठं?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना नागपूरची गाडी गाठायची होती.

भैय्यालाल मात्र मला बरोबर ओळखून होता. त्यानं पंचे फाडून रुमाल केले. एकाचे दोन नग! मी त्याची ओळ गर्द हिरवी केली. मग सगळेच रुमाल फाडू लागले, आणि मी सगळ्यांना हिरवं करत सुटलो. मला खरं-खोटं कळत नव्हतं असं म्हणून मी सुटू शकतो. सुटायचं नाही मला.

एका सकाळी योगेंद्रसाहेब माझी परीक्षा घ्यायला आले. रोजची माहिती वेळेवर भरली का? हो. एखादा रकाना रिकामा? नाही. अहवाल किती वेळात निघतो? दोन मिनिटांत. शंभरपैकी शहाण्णव मिळाले मला. मधुकररावांनी माझ्या खांद्यावर, म्हणजे पडद्यावर, हात ठेवून फोटो काढला.

त्याच सकाळी सुंदरबाईचा माग उचलायला माणसं गेली होती. ती धापा टाकत ऑफिसात आली.

"मधुकरभाऊ, माग काहून नेऊन राहिले? अर्धी साडी हाय त्याच्यावर."

"मी कुठं नेऊन राहिलो बाई? मशीन सांगून राहिली. तीन महिन्यांपासून तुमची ओळ लाल हाय."

"मशीन आली होती का माया घरी पाहाले?"

"असं बोलू नका. शहाण्णव टक्के भेटले तिले."

"मले किती भेटले?"

मधुकररावांनी माझा पडदा तिच्याकडे वळवला. मी लाल ओळ दाखवली. तिकडे गल्लीत त्या माणसांनी अर्ध्या साडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, कापले आणि माग बैलगाडीत घातला.

चार महिन्यांनी नागपूरच्या प्रदर्शनाचं पत्र आलं. तुमच्या करवती साड्या पाठवा, नाहीतर सोसायटीचं नाव यादीतून काढू. मधुकररावांनी मला विचारलं, मी रुमाल दाखवले. त्यांनी निरोप धाडून सुंदरबाईला बोलावलं. आता ती लोकांच्या धानाच्या बांधीत तण निंदायला जात होती.

"बसा बसा, सुंदरबाई. चहा सांगू का? माग आजच्या आज परत लावून देतो. साड्या पाहिजेत."

ती बसली नाही. स्वातीकडे वळून म्हणाली, "पोरी, माया नावापुढं यात काय लिहिलं हाय, वाच बरं."

"निष्क्रिय, काकू."

"म्हंजे?"

स्वाती खाली बघत म्हणाली, "काम न करणारी."

सुंदरबाईनं पदर खोचला. "मंग मले कायले बोलावलं भाऊ? याले शहाण्णव भेटले ना. यालेच बसवा मागावर." आणि ती गेली. पुन्हा कधीच आली नाही. करवती त्या सोसायटीतून गेली ती गेलीच.

मधुकररावांनी माझी वायर ओढली. म्हणाले, "मशीनच बेकार निघाली." स्वतःचं नाव त्यांनी घेतलं नाही, मित्रांनो. घेतील कशाला!

तुमच्यातलं कोणीतरी मोठेपणी माझ्यासारखी यंत्रं बनवेल. बनवा. पण रकाने आखण्याआधी, ज्याला त्यात बसवायचंय त्याच्या शेजारी एक अख्खा दिवस बसा. आणि यंत्र बरं चाललंय का हे यंत्राला विचारू नका. ज्याच्या घरून माग उचलला त्याला विचारा. मला विचाराल तर मी आजही 'उत्तम' असंच सांगेन.