ड्यूटी संपल्यावरची घंटी

आमच्या ह्यांना रागावता येत नाही, त्यामुळे घरातला सगळा राग मलाच सांभाळावा लागतो. अपघात झाला त्या दुपारपासून तो मी भाऊजींच्या नावाने राखून ठेवला होता.

भाऊजी म्हणजे ह्यांच्या बसचे ड्रायव्हर. हे कंडक्टर आणि ते ड्रायव्हर, बावीस वर्षांची जोडी. भाऊजी गाडी इतकी जपून चालवतात की अख्खा डेपो त्यांना गोगलगाय म्हणतो. आणि नेमका त्यांनीच भर रस्त्यात करकचून ब्रेक मारला. त्या दिवशी ह्यांची पाळी संपली होती, तिकिटाचं मशीन जमा करून झालं होतं. भाऊजींची एक जादा फेरी होती, नव्या कंडक्टरबरोबर. गाडी आमच्याच गल्लीवरून जाते, म्हणून हे मागच्या दाराजवळ बसून घरी निघाले होते. ब्रेक लागला तसे हे दांड्यावर आदळले आणि पायऱ्यांवरून खाली गेले. उजवा खांदा मोडला.

हाड जुळेल, पण हात खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बसमध्ये घंटीची दोरी डोक्यावर असते, आणि दुसरा हात तिकिटाच्या मशीनला लागतो. ह्यांची कंडक्टरकी संपली हे आम्हा दोघांनाही तिथल्या तिथे कळलं.

दोन महिने झाले. मी घरी पडदे शिवते. हे समोर बसून डाव्या हाताने मला टाचण्या द्यायचे, त्याही एकेक, जणू तिकिटंच फाडतायत. मला हसू यायचं आणि त्यानंतर रडू यायचं. भाऊजी मात्र एकदाही फिरकले नाहीत.

शेवटी भरपाईसाठी आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. त्यांनी आम्हाला शांतपणे समजावलं. भरपाई मागायला कायदे दोन. एक रस्त्यावरच्या अपघातांचा. त्यात बसमधला कोणीही जखमी प्रवासी मागू शकतो, पण ड्रायव्हरची चूक दाखवावी लागते. दुसरा कामगारांचा. काम करताना लागलं असेल तर चूक कोणाची हे कोणी विचारतच नाही. पण ह्यांची ड्यूटी संपली होती, म्हणजे हे नुसते प्रवासी, असं बसच्या कार्यालयाने लेखी कळवलं होतं. दोन दगडांवर पाय ठेवता येत नाही, एकच कायदा निवडायचा. तेव्हा पहिलाच. ड्रायव्हरने निष्काळजीपणे गाडी चालवली, एवढ्यावर सही करायची.

ह्यांनी पेन खाली ठेवलं. "त्याची चूक नव्हती," एवढंच म्हणाले.

मग कोणाची, असं मी ऑफिसात विचारलं, जिन्यात विचारलं, घरापर्यंत विचारत आले. हात गेला तो ह्यांचा, आणि पुळका कोणाचा, तर एकदाही बघायला न आलेल्या माणसाचा. दुसऱ्या दिवशी मी उठले आणि तडक भाऊजींच्या घरी गेले. तीन मजले चढता चढता काय काय सुनवायचं ठरवलं ते मनात पाठ केलं.

भाऊजी बुटांना पॉलिश करत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कपाटातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. ब्रेक मी विनाकारण मारला, चूक माझी, असं लिहून खाली सही केलेली. तुम्ही वकिलांकडे जाताय असं डेपोत कळलं, त्यांना नेऊन द्या म्हणाले. नोकरीची दोनच वर्षं उरली आहेत, गेली तर गेली.

मी एवढी तयारी करून आले, ती सगळी फुकट गेली. खरं सांगायचं तर तो कागद मी पर्समध्ये टाकला. दारापर्यंतही गेले. पण 'विनाकारण' हा शब्द काही घशाखाली उतरेना. गोगलगाय, आणि विनाकारण?

"भाऊजी, ब्रेक का मारलात?"

ते बुटावर ब्रश फिरवत राहिले. खोटं बोलणं त्यांना गाडी पळवण्याइतकंच जमत नाही.

"त्याची घंटी आली, वहिनी."

मग सगळं बाहेर पडलं. एक आजीबाई मागच्या दाराने उतरत होत्या. त्यांचा पाय पायरीवरच होता आणि पुढे उभ्या असलेल्या नव्या कंडक्टरने गाडी सोडायची डबल बेल दिली. गाडी हलली. ह्यांनी उठून एका हाताने आजींना धरलं आणि दुसऱ्या हाताने गाडी थांबवायला दोरी ओढली. आजी वाचल्या, हे पडले. पण ड्यूटी नसलेल्याने दोरीला हात लावायचा नाही असा नियम. हे उघड झालं तर ह्यांनी स्वतःच ओढवून घेतलं म्हणतील आणि भरपाई बुडेल, म्हणून भाऊजी गप्प. आणि आमच्यासमोर आले असते तर बोलून गेले असते, म्हणून आलेच नाहीत.

घरी येऊन मी ह्यांच्यासमोर उभी राहिले. घंटी दिली होतीत ना, विचारलं. हे शाळेतल्या मुलासारखे खाली बघू लागले. बावीस वर्षांत एक मेमो नाही, आणि शेवटी नियम मोडला, त्याची लाज वाटत होती म्हणे. मी आधी खूप बोलले. मग त्यांचा तो डावा हात धरून बराच वेळ बसले.

वकीलबाईंनी सगळं ऐकलं आणि तयार केलेला अर्ज बाजूला सारला. त्या क्षणी तुम्ही प्रवासी नव्हतात, बसचंच काम करत होतात, तेव्हा कामगारांचाच कायदा लावून बघू, म्हणाल्या. त्यात कदाचित कमी मिळेल, मिळेलच असंही नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. भाऊजींचा कागद अजून माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वकीलबाईंच्या ऑफिसच्या खिडकीचं माप लिहून घेतलं. त्यांचे पडदे अगदीच विटले होते.

सुनावणीत समोरचे वकील एकच गोष्ट धरून बसले. मशीन जमा केलं होतं ना, मग ड्यूटी कसली? सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी भाऊजींना विचारलं की गाडीवर कंडक्टर दुसरा असताना घंटी ह्यांचीच हे कशावरून.

भाऊजी टोपी हातात घेऊन उभे राहिले. "साहेब, बावीस वर्षं माझी पाठ त्याच्याकडे आहे. काम करताना मी त्याला कधी बघितलंच नाही, नुसता ऐकला आहे. ती घंटी आल्यावर ड्यूटी आहे की नाही, हे मी विचारत बसलो असतो, तर त्या आजी चाकाखाली असत्या."

अधिकारी बराच वेळ लिहीत होते.

महिन्याने निकाल आमच्या बाजूने लागला. कागद घेऊन आम्ही भाऊजींच्याच गाडीने निघालो. गल्ली जवळ आली तसा ह्यांचा उजवा हात सवयीने उठला आणि खांद्याशी अडला. मी दोरीला हात घालणार तेवढ्यात ह्यांनी मला थांबवलं. उठून उजव्या हाताने सीट धरली आणि डाव्या हाताने दोरी ओढली. घंटी वाजली ती अगदीच बेंगरूळ. नवा कंडक्टर खिडकीबाहेर बघू लागला.

पुढच्या आरशात भाऊजींचे डोळे वर आले. गाडी इतकी हळू थांबली की भरलेला पेला हातात असता तर थेंब सांडला नसता. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. आम्ही उतरून फुटपाथवर चढेपर्यंत भाऊजींनी गाडी हलवली नाही. मग डबल बेल झाली आणि गोगलगाय पुढे गेली.