पाझर तलावाचा पंचनामा

मी कासाबाई. तोंडाची फटकळ हाय, गावात कुणालाबी इचारा. पर त्या दिवशी तलावावर माझं तोंड उघडायला उशीर झाला, अन् त्याचंच मला लय लागतंय.

शिमगा झाला अन् खदानीचा बांध फुटला. वर माळावर गिट्टीची खदान हाय. धुतलेल्या खडीचा गाळ, सुरुंगाची दारू, मशिनीचं काळं तेल, सगळं एका खड्ड्यात साठवायचे. ते आख्खं आमच्या पाझर तलावात उतरलं. पाणी राख कालवल्यावानी झालं. आमची साठ मेंढरं त्याच पाण्यावर जगायची. गंगा म्हंजी आमची गोदावरी, ती लांब, हिरी आटलेल्या. मेंढराबिगर आमच्या घरात दुसरं काईबी न्हाई.

तलाव साफ करायचा कुणी? खदानीचा मालक म्हणला, तलाव सरकारचा, सरकार बघंल. ग्रामसेवक म्हणला, घाण खदानीची, मालक बघंल. खदानीचा मॅनेजर दत्तराव तर हसत सांगायचा, "मावशी, पाऊस पडला की आपोआप धुऊन जाईल." म्हणलं, "तवर तू पाजतोस का मेंढरं, मुडद्या?"

आमचे हे, आता नाव घ्यावंच लागतं, मुंजाजी, रोज दोन कोस चालून एका मळ्यातल्या बोरवर मेंढरं पाजून आणायचे. पाचव्या दिवशी बोर आटली. मग दोन दिवस मेंढरं तशीच, जिभा बाहेर काढून.

तेवढ्यात तहसीलातून पंचनाम्याला एक साहेब आले. माणूस बरा वाटला. म्हणाले, "जनावरं पाणी पीत नाहीत हे मला डोळ्यानं दिसू द्या. मी तसं लिहितो. मग मालकाला तलाव साफ करावाच लागेल."

ह्यांनी मेंढरं काठावर नेली. मेंढरांनी पाणी हुंगलं अन् तहानलेल्या तोंडानं माघारी फिरली. माझा जीव भांड्यात पडला. "लिहा साहेब," म्हणलं, "बघितलंत न्हवं?"

साहेबानं पेन काढला अन् त्यांच्या संगं आलेला दत्तराव खवचटावानी बोलला, "मुंजाजीमामा, मेंढरं तुमचं ऐकना झालीत वाटतं. वय झालं आता."

चाळीस वर्सं मेंढरं राखलेल्या माणसाला असं बोलावं? आमचा माणूस तापट. "माझी मेंढरं ऐकत न्हाईत?" म्हणले, अन् रागाच्या भरात पाण्याची शीळ घातली. ती शीळ ऐकली की मेंढरानं मुंडकं खाली घालून प्यायचं, ही सवय त्यांनी कोकरापासून लावलेली. साठच्या साठ मुंडकी पाण्यात गेली.

"आत्ता गं बया! अवं, काय केलं हे!" मी वरडत पळाले, काठीनं झोडपायला लागले. हे बी भानावर आले, एकेकीचं शिंग धरून, कान धरून वढायले. मेंढरं कशाची हटतेत, दोन दिवसांची तहान होती. तवर साहेबानं मोबाईलवर फोटो काढला. लिहिलं, जनावरं पाणी पितात, सफाईची गरज नाही.

दिवस मावळायच्या आत सात पडली. धापा टाकत, पाय झाडत. सकाळी मोजली तर एकोणीस गेलेली. आमी साहेबाकडं गेलो. त्यांनी फोटोच पुढं धरला. "आजी, तुमच्याच माणसानं पाजलंय. आता जबाबदार कोण, तुम्हीच सांगा." मी त्यांच्या सात पिढ्या काढल्या. हे मातर तो फोटोच बघत व्हते.

दुसऱ्या दिवशी हे घरात दिसंनात. मी तलावाकडं पळत गेले. हे गुडघाभर गाळात उभे. घमेलं भरायलते, काठावर उपडं करायलते. गाळ घसरून पुन्हा आत यायचा. नडग्या लालबुंद, सोलल्यावानी. तलाव दोन एकराचा.

"बाहेर या!" मी वरडले. "हे तुमचं काम न्हाई! त्या मालकानं करावं, दत्तरावानं करावं, साहेबानं करावं! तुमी मरताल हितं!"

त्यांनी घमेलं टेकवलं. "कासे, त्यातलं एक तरी म्हणलं का, माझं चुकलं म्हणून?"

रडायला यायलतं. "न्हाई," मी म्हणले.

"मग मी म्हणतो," हे म्हणले, अन् पुन्हा वाकले.