मार्शचा मश झाला तेव्हा

मित्रांनो, मला चाके नाहीत. बर्फावर मी पोटावर घसरत चालते. कुत्री ओढतात ती गाडी मी, आता फार म्हातारी झाले आहे. कॅनडाच्या उत्तरेला, युकॉन नदीकाठी नार्सिस लाफेर्टे याने मला घडवले. भूर्जाच्या फळ्या त्याने वाफेवर वाकवल्या आणि त्याची बायको फिलोमेन हिने हरणाच्या कातड्याच्या वाद्यांनी बांधल्या.

नार्सिसची आई क्री जमातीची, बाप फ्रेंच. निघताना तो एकच हाक मारी, "मार्श!" म्हणजे बापाच्या बोलीत, चला! ती ऐकताच कोर्बो हा पुढचा काळा कुत्रा झेप घेई आणि मागची पाचही धावू लागत.

पुढे नदीत सोने सापडले. दक्षिणेकडून इंग्रजी बोलणाऱ्यांची रीघ लागली. त्यांतला ह्यू नावाचा तरुण नार्सिसकडे गाडी हाकायला शिकू लागला. तो ओरडे, "मश!" कुत्री जांभया देत.

"तोंडात गरम मासा धरून बोलतोस का रे?" फिलोमेन हसे. "मार्श म्हण, मार्श!"

"तेच तर म्हणतोय, काकू! मश!"

एका फेब्रुवारीत पिठाची पोती घेऊन आम्ही निघालो. नदीवर बर्फ फुटला आणि नार्सिस कमरेपर्यंत पाण्यात गेला. ह्यूने त्याला बाहेर ओढले, पोती फेकून दिली आणि त्याला माझ्यावर निजवले. त्याचे कपडे पत्र्यासारखे कडक झाले होते. त्याने हाक मारायला तोंड उघडले, पण दात वाजण्यापलीकडे आवाजच फुटेना.

"मश!" ह्यू ओरडला. कुत्री जागची हलली नाहीत.

"अरे कोर्बो, मरेल रे तो! मश, बाबा, मश!" ह्यूला रडू फुटले होते.

कोर्बोने मागे वळून पाहिले. तो वाद्या ताणत माझ्यापाशी आला आणि त्याने धन्याचा गारठलेला हात हुंगला. मग तो फिरला आणि असा धावला, की माझे सांधे करकरले.

नार्सिस वाचला. पायाची दोन बोटे मात्र गेली. वसंतात लंगडत तो पुन्हा माझ्यामागे उभा राहिला, ह्यूकडे पाहून त्याने डोळा मिचकावला आणि मोठ्याने ओरडला, "मश!" मला तेव्हा त्याचा रागच आला होता. आपली हाक कुणी अशी देऊन टाकतो का?

हळूहळू सगळेच मश म्हणू लागले. गाडी हाकणाऱ्यांना मशर हे नाव पडले. आज मी त्याच नदीकाठच्या एका गावातल्या संग्रहालयात आहे. पाटीवर लिहिले आहे, 'मशरची गाडी'. तो शब्द कुठून आला, हे तिथे लिहिलेले नाही. माझ्या फळ्या तडकल्या आहेत. वर्षाकाठी कुणी तेलाचा हात फिरवला तरी पुरे.

पण मित्रांनो, तुमच्या तोंडी असलेला शब्द कुणाच्या तोंडून आला, हे विचारत जा. झिजला म्हणून त्याला हसू नका. आणि विचारायचे ते वेळेवर विचारा. फिलोमेन नव्वद वर्षे जगली. शेवटची दहा वर्षे ती याच गावात, दाराशी खुर्ची टाकून बसत असे. तिच्याकडे विचारायला कुणीही गेले नाही.