पेटीवाला उंदीर

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. समोर लाकडी खोक्यातला टीव्ही आहे असं समजा. त्याला कपाटासारखी सरकती दारं आहेत, आणि आतलं चित्र काळंपांढरं, मधूनच थरथरणारं. साल एकोणीसशे सत्त्याऐंशी, गाव केळशी, रविवारची सकाळ. पद्मजाकाकूंच्या घरी वाडीतली पोरं दाटीवाटीनं बसली आहेत आणि त्यांच्यात तुम्हीही मांडी घालून बसला आहात. दिसलं?

कार्टून एका सशाचं होतं. ससा मोटार पळवायचा, कोल्हा त्याच्या मागे लागायचा आणि पोरं हसून लोळायची. त्यांच्यातली चिमा मात्र चित्रात मागे दिसणारा पूल बघत बसायची. त्या पुलावरून दर वेळी एक म्हातारा उंदीर जायचा. डोक्यावर भली मोठी पेटी, दोन्ही हातांनी धरलेली. डावीकडून यायचा आणि उजवीकडे टीव्हीच्या कडेला नाहीसा व्हायचा. त्याला नाव नव्हतं. तो कधी बोललाही नाही.

"ससा चिखलात पडला गो! तू बघतंस काय?" शेजारी बसलेल्या बाबल्यानं तिला कोपरानं ढोसलं.

"त्याची पेटी अजून उतरली नाय."

"कोणाची?"

"उंदराची. कवापासून चाललाय बिचारा."

"मग दमला की ठेवील खाली."

"एकट्याला कशी ठेवता येईल? तू कधी भारा उचललायस काय?"

चिमाची आई, सोनूबाई, रोज कातळावरून गवताचा भारा आणायची. दाराशी आली की हाक द्यायची, "चिमे, हात लाव गो!" मग दोघी मिळून तो उतरवायच्या. जड ओझं एकट्यानं उतरवायला गेलं की मान लचकते, हे चिमाला चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी कार्यक्रम संपताना टीव्हीवरच्या बाईंनी सांगितलं, की पुढच्या रविवारी शेवटचा भाग. पोरं हिरमुसून उठली. चिमा मागे राहिली.

"काकू, शेवटच्या भागात उंदराची पेटी कोण उतरवील?"

काकू तिच्याजवळ बसल्या. "अगं, तो चित्रात काढलेला उंदीर. मागं काहीतरी हलताना दिसावं म्हणून तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवतात. त्याची पुढची गोष्ट कुणी लिहिलेलीच नाही."

"म्हणजे तो तसाच चालणार?"

"हो."

"पेटी घेऊन?"

काकूंनी तिच्या हातावर नारळाची वडी ठेवली. चिमानं ती खाल्ली, पण तोंड काही हसलं नाही.

पुढचा रविवार आला. सशानं शर्यत जिंकली. कोल्ह्यानं त्याच्या गळ्यात हार घातला. पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि त्या गडबडीत मागच्या पुलावर उंदीर दिसू लागला.

चिमा उठली.

"ए, खाली बस! दिसत नाय!" बाबल्या ओरडला.

ती टीव्हीच्या उजव्या अंगाला गेली. तिथली भिंत नुकतीच चुन्यानं रंगवलेली होती. "चिमे, भिंत!" काकू म्हणाल्या. पण चिमानं घरून मुठीत आणलेला कोळसा बाहेर काढला होता. उंदीर अर्ध्या पुलावर आला. तिनं घाईघाईनं, पूल संपतो तिथे टीव्हीला अगदी चिकटून, आधी दोन हात काढले. वर उचललेले. मग त्या हातांखाली एक मुलगी काढायला घेतली.